लांब असेल त्याचा नंबर

आमच्या कॅम्पातल्या गोल्फचे किस्से म्हणजे हरळी! एक उपटायला जावं तर खालून दुसरा हाताला लागतो, अन् त्याच्या मुळ्या तिसऱ्यात गुंतलेल्या. उदगीरला स्टँडामागच्या हॉटेलात आम्ही रिटायर मंडळी संध्याकाळी बसतो. मी कॅम्पात पंप ऑपरेटर होतो, रज्जाक मेसमध्ये स्वयंपाकी. चहा येईपर्यंत कोणी तरी म्हणतं, "प्रोचं ते आठवतं का रे?" झालं! चहा गार होतो, हॉटेलवाला वैतागतो, अन् घरून माणूस बोलवायला येतो.

उदगीरहून नांदेडकडं जाताना एक उघडाबोडका माळ लागतो. तिथं लष्कराचा लहानसा कॅम्प आहे. पलटण कोणती ते सांगत नाही. शेजारच्या गावाचंही नाव सांगत नाही, ते माझंच गाव, तिथं माझे भाऊबंद राहतात अन् त्यांना वाचायची सवय आहे. कॅम्पाच्या मागं नऊ होलचा गोल्फ कोर्स, अन् गेटावर पाटी: 'बशीर प्रो गोल्फ कोर्स'.

परवा एका पाहुण्यानं पाटी वाचली अन् हात जोडून विचारलं, "शहीद झाले का हो हे?"

रज्जाक म्हणाला, "कशाचं शहीद! रोज आमच्याशी भांडायचा तो."

* * *

प्रो म्हणजे प्रोफेशनल. साहेब लोकांना गोल्फ शिकवायचा, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायच्या, कोर्स सांभाळायचा, असं ते काम. आमचा प्रो बशीरमियां. उदगीरच्या किल्ल्याजवळ घर, पण सगळी जवानी सिकंदराबादच्या छावणीत गेलेली. तिथं तो साहेबांच्या काठ्या उचलता उचलता खेळायला शिकला, अन् असा शिकला की पुढं साहेबांनाच शिकवू लागला. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा, अन् भर उन्हाळ्यात गळ्यात टाय! मी एकदा म्हणालो, "प्रो, उकडत न्हाई का?" तर म्हणाला, "उकडते रे, लेकिन गोल्फ को मालूम नक्को पडना."

स्वभाव मात्र तिखट. त्याला वाटायचं, आख्ख्या हिंदुस्तानात गोल्फ समजणारी माणसं मोजकी, त्यातला एक तो, अन् बाकीचे वारले.

एक मेजर साहेब नवे आले होते. काठी फिरवायचे ती चेंडूच्या अलीकडं जमिनीत घुसायची. मुरमाचा ढेकूळ उडायचा, चेंडू जागेवर. बशीरनं बराच वेळ बघितलं. मग टाय सैल केला. टाय सैल झाला की आम्ही समजायचं, आता कोणाची तरी धडगत नाही.

"साहेब," बशीर म्हणाला, "विहीर खांदायची आसंल तर जागा मी दावतो. हितं पानी न्हाई लागनार!"

* * *

गोल्फात होलच्या भवती एक हिरवी लुसलुशीत जागा लागते, तिला ग्रीन म्हणतात. आता आमच्या माळावर हिरवं कुठलं? मुरूम, अन् मुरमावर कुसळ. म्हणून होलभवती वाळू पसरायची, तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल कालवायचं, वरून ओलं पोतं ओढून सपाट करायची. काळपट, तपकिरी चकती. साहेब लोक तिला ब्राऊन म्हणायचे. बशीर मात्र मरेस्तोवर ग्रीनच म्हणत राहिला.

एकदा डेहराडूनकडचा एक कॅप्टन बदलून आला. वाळूवर उभा राहून, डोळ्यावर हात धरून सगळ्या माळावर नजर फिरवली, अन् विचारलं, "प्रो, ग्रीन किधर है?"

"आप उसी पे खडे हैं, साब."

कॅप्टननं बुटाकडं बघितलं. बुटाला ऑइल लागलेलं. तो काही बोलायच्या आत बशीरच म्हणाला, "नाव ग्रीन हाय साहेब. आमच्या गल्लीत एकाचं नाव गंगाराम हाय. रोज पानी मागायला माझ्याच दारात येतो!"

* * *

आता एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गोल्फात चार जण खेळत असले, तर पुढचा टोला कोणी मारायचा? ज्याचा चेंडू होलपासून सगळ्यात लांब, त्यानं. जवळ पोचलेल्यानं गप उभं राहायचं. हुद्दा बघत नाहीत, वय बघत नाहीत. बशीर प्रत्येक होलवर ओरडायचा, "लांब कोण? लांबवाला पहला!"

उस्मानाबादपासून सुटून लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. सगळीकडं नव्या पाट्या, नवे साहेब, नव्या जीपा. एक दिवस नव्या जिल्ह्याचे एक मोठे साहेब आमच्याकडं खेळायला आले. बरोबर त्यांचाच एक अधिकारी, आमचे कर्नल साहेब, अन् चौघांत एक कमी पडला म्हणून ट्रान्सपोर्टचे सुभेदार. जिल्ह्याच्या साहेबांचा चेंडू नशिबानं घरंगळत होलपाशी जाऊन बसला. ते खूश! पटर, म्हणजे शेवटचा हळू टोला मारायची चपटी काठी, घेऊन पुढं झाले.

बशीरनं हात आडवा केला. "थांबा साहेब. सुभेदार लांब हायेत."

बरोबरचा एक माणूस पुढं धावला. "अहो, साहेब कोण आहेत माहितंय का? जिल्हा आहे त्यांच्या हाताखाली!"

"जिल्हा काल झाला," बशीर म्हणाला. "नियम लई जुना हाय."

साहेब चांगले होते, हसून मागं सरले. कर्नल साहेबांनी मात्र बशीरला नंतर झापलं. "प्रो, ज़बान पे ब्रेक लगाओ." बशीर म्हणाला, "हौ साब." अन् दुसऱ्या दिवशी कर्नल साहेबांनाच होलपाशी अडवलं!

सगळे हसले तेव्हा, मीही हसलो. पण मला तो नियम पहिल्या दिवसापासून आवडायचा, त्याचं कारण वेगळं होतं. आमची वस्ती गावाच्या ओढ्यापलीकडं. बाबासाहेबांच्या मागं बुद्धाला गेलेली चार-दोन घरं. गावाच्या विहिरीवर आमचा नंबर शेवटचा. बोर्ड नव्हता लावलेला, कोणी तोंडानं म्हणतही नव्हतं. पण पाटलाच्या घरच्या घागरी आधी, मग गल्ल्या, मग सगळं आटपल्यावर ओढ्यापलीकडची बाई. माझी आई सगळ्यात लांबून यायची अन् सगळ्यात शेवटी भरायची. मला कॅम्पात नोकरी लागली, माझा भाऊ नांदेडला मास्तर झाला, तरी आईचा नंबर जिथल्या तिथं. तिला म्हणालो, तर म्हणायची, "गौतम, भांडून पानी गोड लागतं का रे?" मला लई राग यायचा. तिचा नाही, त्या नंबरचा.

* * *

बशीरच्या डोक्यात एक किडा होता. मरायच्या आधी या माळावर एक तरी होल असं करायचं, ज्याच्या भवती खरं गवत असंल. जागा ठरली नववा होल, कारण त्याच्याशेजारी बोअर होती, अन् ती बोअर माझ्या ताब्यात.

तो सिकंदराबादला गेला अन् गवत घेऊन आला. ओल्या पोत्यात मुळ्या बांधलेल्या, पोतं मांडीवर. अख्खी रात्र रेल्वेत असा बसला जसा कोणाचं लेकरू आणून राहिला. आम्ही उदगीर स्टेशनवर बैलगाडी घेऊन गेलो. गाडी गावच्या माधवराव पाटलाची, अन् पाटील स्वतः हाकायला आलेला, कारण गवत रेल्वेनं येतं हे त्याला बघायचं होतं.

पोतं सोडलं. पाटलानं वाकून एक काडी हातात घेतली. तिच्याकडं बघितलं, बशीरकडं बघितलं.

"मियां, ही तर हरळी हाय!"

"हौ, हरळी. लेकिन सिकंदराबाद की."

शेतकरी माणूस सांगेल हरळी काय चीज आहे ती. नांगरा, खुरपा, उपटा, जाळा, पुन्हा हजर! पाटील मटकन गाडीच्या साटीवर बसला. "आरं, माझा आजा हरळी खांदता खांदता गेला. बाप गेला. माझी कंबर गेली. अन् तू तिला रेल्वेत मांडीवर बसवून आनून राहिला? माझ्या वावरात ये, हवी तेवढी ने, वर जेवू घालतो!"

"तुमची गावठी हाय पाटील," बशीर म्हणाला, अन् पोतं बांधलं.

लागवड झाली. थोड्या दिवसांनी सिकंदराबादचं गवत पिवळं पडलं, मग गेलं. बशीर कोणाशी बोलेना. अन् मग एका सकाळी बघतो तर नवव्यावर हिरवे कोंब! बशीर सगळ्या कॅम्पाला हाताला धरून दाखवत फिरला, "देखो, पकड लिया! सिकंदराबाद की जात हाय, जाती कुठं?"

त्या सकाळी माझ्या पंपघराच्या मागं पाटलाच्या वावरातल्या मातीनं माखलेली दोन रिकामी पोती पडली होती. मी बघितली, रज्जाकनं बघितली. आम्ही ती गुपचूप चुलीत घातली.

* * *

नववा असा हिरवागार झाला की बघत राहावं. माळावर कुठूनही दिसायचा. बशीर त्याच्यावर कोणाला बुटानं चढू द्यायचा नाही. एक ब्रिगेडियर साहेब आले, छातीवर फितीच फिती. बशीर म्हणाला, "साब, जूते." ब्रिगेडियर म्हणाले, "यह मसजिद है क्या?" बशीर म्हणाला, "गवत हाय साब. मसजिद पुन्हा बांधता येते." ब्रिगेडियर साहेब मोज्यांवर खेळले. मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर आलेला. सगळा कॅम्प दुसरीकडं बघत होता.

* * *

अन् मग दुष्काळ आला. एक साल पाऊस रुसला, दुसऱ्या साली आलाच नाही. ओढा आटला. गावची विहीर तळाला गेली. नव्या जिल्ह्याचा टँकरवाला म्हणे, गाव नांदेडात मोडतं. नांदेडकडचा टँकरवाला म्हणे, आता तुमचं लातूर झालं. आमच्या कोर्सचा सहावा होल इकडच्या जिल्ह्यात अन् सातवा तिकडच्या, तसं गावाचं झालं.

कॅम्पातही पाणी तुटलं. नवव्याला पाणी द्यायचं नाही असा हुकूम झाला. बशीरनं तोड काढली. साहेबांच्या न्हाणीघराचं सांडपाणी चर खणून नवव्याकडं वळवलं. पण पाणी तुटल्यावर साहेब लोक आंघोळ तरी कुठून करणार? तर हा सकाळी न्हाणीघराच्या दाराशी उभा!

"कॅप्टन साब, कल भी नहीं नहाए?"

"प्रो, पानी नहीं है."

"एक लोटा तो डालो साब. नववा प्यासा हाय!"

पुढं त्यानं नमाजाआधीची वजू नवव्यावर करायला सुरुवात केली. लोटाभर पाण्यात हात, तोंड, पाय, अन् थेंब न् थेंब गवतावर. रोज जागा बदलायचा, म्हणजे सगळ्या गवताला वाटणी मिळावी. त्याचं बघून रज्जाक मेसचे तांदूळ तिथंच धुवायला लागला. मी जेवल्यावर हात तिथंच धुवायचो. ज्याला चूळ भरायची त्यानं नवव्यावर भरावी, असा कायदाच झाला. गवत पिवळं पडलं, पण तग धरून राहिलं.

एकदा मी विचारलं, "प्रो, एवढं काय हाय त्या गवतात?"

त्यानं लोट्यातलं उरलेलं पाणी गवतावर झटकलं. मग म्हणाला, "गौतम, मला औलाद न्हाई. साहेब येतात, बदलून जातात. हे एवढंच माझं हितं हाय."

टाय तेव्हाही गळ्यात होता.

* * *

होळीच्या आसपास गावची विहीर पार कोरडी पडली. बाया घागरी घेऊन कॅम्पाच्या कुंपणाच्या तारेशी येऊन उभ्या राहायला लागल्या. भांडत नव्हत्या, नुसत्या उभ्या. त्या नुसत्या उभ्या राहण्यानं पंपावर बसवेना.

माळावर पाणी होतं ते एकाच बोअरला, नवव्याच्या. ते मेसला जायचं. कर्नल साहेब आले, बशीरला बोलावलं, मलाही. म्हणाले, मेसचं निम्मं पाणी गावाला सोडायचं. पण मग सांडपाणी राहणार नाही, चर बंद, नवव्यावर हात धुणंही बंद. अन् बायांची रांग लागेल ती नवव्यावरूनच, कारण बोअरला दुसरी वाट नाही. शेकडो पाय गवतावरून जातील.

"प्रो, कोर्स तुम्हारा है," कर्नल साहेब म्हणाले. "तुम ना कहोगे तो टँकर के लिए फिर लिखूँगा."

आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, लिहून टँकर येत नाही. बशीरलाही माहीत होतं. त्यानं नवव्याकडं बघितलं, तारेकडं बघितलं. टाय सैल केला. मला वाटलं, आता कर्नल साहेबांची धडगत नाही.

बशीरनं टाय पूर्ण सोडला, घडी करून खिशात घातला. म्हणाला, "गौतम, जाके मोटर डाल."

* * *

पहिल्या दिवशी तारेचं गेट उघडलं अन् गाव आत आलं. जसं विहिरीवर यायचं तसंच! पाटलाच्या घरच्या घागरी पुढं, मग गल्ल्या. कोणी ठरवलं नव्हतं, पाय आपसूक त्या जागेवर गेले. अन् सगळ्यात मागं, रांगेपासूनही चार हात सोडून, ओढ्यापलीकडच्या बाया. त्यात माझी आई.

मी पंपावर उभा. मोटर माझ्या हातात, बटण माझ्या हातात, अन् आईचा नंबर शेवटचा. वीज कधी जाईल याचा नेम नाही. शेवटच्या बायांना पाणी मिळेलच असं नाही. मीच काही बोललो असतो तर गाव म्हणालं असतं, सरकारी पंपावर बसला अन् आपल्या आईचं बघून राहिला.

बशीर नवव्याच्या कडेला उभा होता. तुडवलं जाणारं गवत बघत होता, असं मला वाटलं. तो एकदम ओरडला. खेळताना ओरडायचा तसाच, त्याच आवाजात.

"लांब कोण? लांबवाला पहला!"

रांग वळून बघायला लागली. कोणाला काही कळेना. बशीर काठी घेऊन पुढं आला, पाटलाच्या घागरीपुढं काठी आडवी धरली. "कोन कुठून आलं? जो लांबून आला त्याची घागर आधी. चला!"

माधवराव पाटील पुढं झाला. "मियां, हे काय नवीन?"

"नवीन न्हाई, पाटील. कॅम्पात कॅम्पाचा नियम. कर्नल साहेब बी थांबतात, जिल्ह्याचे साहेब बी थांबले. तुम्ही बी थांबा."

"आन् न्हाई थांबलो तर?"

"तर मोटर बंद. मी बी तहानलेला मरीन, तुम्ही बी मरा."

असं तो शांत आवाजात म्हणाला, अन् भांडताना बशीर शांत आवाजात बोललेला आम्ही कोणीच कधी ऐकला नव्हता. पाटील मागं सरला.

पण आई पुढं येईना! सगळ्यात लांबची तीच. सगळे तिच्याकडं बघून राहिले, अन् ती मान खाली घालून उभी. इतक्या वर्षांची सवय पायांना, ते उचलेनात. शेवटी बशीर तिच्यापाशी गेला. त्यानं घागरीला हात लावला नाही, नुसता बाजूला उभा राहिला, साहेब लोकांना वाट दाखवताना राहायचा तसा, एक हात पुढं करून.

"चला अम्मा. तुमचा नंबर हाय."

आई आली. मी बटण दाबलं. पाण्याची धार तिच्या घागरीत पडली अन् मला समोरचं काही दिसेना. मी सगळ्यांदेखत रडलो, लाज वाटली नाही.

* * *

तुम्ही म्हणाल, मग गाव सुधारलं. कशाचं सुधारतं! तिसऱ्याच दिवशी पाटलाचा गडी दोन घागरी घेऊन नांदेडच्या रस्त्यानं घाम गाळत आला. "मी हिमायतनगरहून आलो. लई लांब. माझा नंबर पहिला!"

बशीरनं त्याला वरून खाली बघितलं. घागरीवर पाटलाच्या घरचं नाव कोरलेलं.

"बाबा," बशीर म्हणाला, "गोल्फात चेंडू हातानं उचलून मागं न्हेला, तर गडी बाद हाय. जा, शेवटी उभा ऱ्हा!"

सगळ्या बाया हसल्या. पाटलाच्या घरच्याही हसल्या. अन् खरं सांगायचं तर, गेटापाशी उभा असलेला पाटीलही दाढी खाजवता खाजवता हसला.

* * *

नवव्याचं गवत त्या उन्हाळ्यात गेलं. पायाखाली जाऊन जाऊन माती उघडी पडली, मग मातीचीही भुकटी झाली. आई रोज घागर भरली की एक ओंजळ पाणी त्या भुकटीवर सोडायची. मी म्हणालो, "आई, मेलंय ते." ती म्हणाली, "मेलेल्याला पानी देत न्हाईत का?"

बशीर त्या बाजूला बघायचाच नाही. टाय त्यानं पुन्हा बांधला, पण गाठ कधी पहिल्यासारखी बसली नाही.

पुढं पाऊस झाला. थोड्या दिवसांनी पाटील धावत कॅम्पात आला, बशीरला हाताला धरून नवव्यावर नेलं. भुकटीतून हिरवी टोकं वर आलेली, सगळीकडून!

"बघ मियां! ही मरत न्हाई, म्हनून तर आमी जन्मभर रडतो!"

बशीर गुडघ्यावर बसला. एक काडी उपटली, निरखून बघितली, अन् पाटलाकडं न बघता म्हणाला, "पाटील, ही सिकंदराबादची न्हाई."

"न्हाई," पाटील म्हणाला.

"मालूम हाय मला. पहिल्यापासून मालूम हाय."

* * *

आता शेवटचा, अन् मग मी उठतो.

लई वर्षांनी कोर्सला बशीरचं नाव द्यायचं ठरलं. आमचेच एक जुने कॅप्टन, तो जळक्या ऑइलात बूट बुडवलेला, आता जनरल झाले होते. ते खास आले. पाटीवरचा पडदा सरकवला, टाळ्या झाल्या. बशीर तोपर्यंत पार थकलेला, नजर कमी झालेली, पण टाय होता. रज्जाकनं बांधून दिलेला.

मग ठरलं, जनरल साहेब अन् प्रो यांनी नवव्यावर एक एक टोला मारून कोर्स खुला करायचा. सगळ्यांनी बूट काढले. हिरव्यागार हरळीवर दोन पांढरे चेंडू ठेवले. तारेच्या पलीकडं गाव बघायला उभं. पुढं पाटील, मग गल्ल्या, अन् सगळ्यात मागं एका दगडावर बसलेली माझी आई, म्हातारी, कानानं कमी.

बशीर जुन्या आवाजात ओरडला. आवाज फाटला होता, पण तोच. "लांब कोण?"

"मेरी बॉल दूर है, प्रो," जनरल साहेब म्हणाले, अन् पटर उचलला.

"ठैरो साब." बशीरनं हात आडवा केला. दिसत नव्हतं त्याला, तरी तोंड तारेकडं वळवलं. "गौतम, तुझी आई आली हाय का?"

"आली हाय प्रो. मागं बसलीय."

"मग लांब ती हाय."

जनरल साहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तारेकडं, अन् काही न विचारता पटर माझ्या हातात दिला. मी गेट उघडून आईला आणायला गेलो. गाव बाजूला सरलं. ती म्हणाली, "मला कशाला रे? मला काय येतंय?" तरी आली. गवताच्या कडेला तिनं चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

मी काठी हातात दिली, होल दाखवला. तिनं केरसुणी धरावी तशी काठी धरली अन् दिला टोला. चेंडू होलला वळसा घालून, गवत ओलांडून, पार मुरमात जाऊन थांबला. सगळे हसले, आईही हसली. जनरल साहेब चेंडू उचलून आणायला स्वतः पुढं धावले.

तेवढ्यात तारेपलीकडून माधवराव पाटील ओरडला, असा ओरडला की पाखरं उडाली.

"ओ साहेब! हात लावू नका चेंडूला! लांब तीच हाय अजून. परत तिचाच नंबर!"

जनरल साहेब जागीच थांबले. आईनं पदर खोचला अन् काठी घेऊन चेंडूकडं निघाली.